चिंचेखाली बोलायचं नाही

माझी सासू झाडावर चढायची. हे कोणाला सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "लहानपणी ना?" लहानपणी कशाला! मी सून होऊन सौसरला आले तेव्हा त्यांच्या केसांत पांढऱ्या बटा होत्या, आणि परसातल्या चिंचेच्या शेंड्यापर्यंत त्या अशा जात जशा दुसऱ्या बाया माळ्यावरून लोणच्याची बरणी काढायला जातात. दोर नाही, शिडी नाही, खाली धरायला कोणी नाही. मी मात्र खाली उभी राहून जिवंतपणी मरत असे. दहा वर्षं मी हेच केलं.

मी मुळातच भित्री, आणि त्याला कारण आहे. माझं माहेर पांढुर्ण्याचं, जाम नदीजवळचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीत गोटमार व्हायची. या काठावर आम्ही, त्या काठावर सावरगाव, मधे पळसाचं झाड रोवलेलं, आणि दगडं. माझा थोरला भाऊ दरवर्षी जायचा. आई सकाळपासून हळद कालवून बसायची. दुपारी दारात पावलं वाजली की ती आधी उठायची नाही, कान देऊन ऐकायची. पोरगा आपल्या पायानं आला का चौघांनी उचलून आणला, ते तिला पावलांवरून कळायचं. त्या घरात वाढलेल्या पोरीला भीती शिकवावी लागत नाही हो. सौसरला मास्तरांच्या घरी दिलं तेव्हा मला वाटलं, सुटले बाई. वाचन-लेखनाचं घर, इथं कोण काय फोडून घेणार!

लग्न फाल्गुनात झालं. अंगाची हळद उतरली नव्हती. परसात विहिरीवर पाणी शेंदत होते तर खांद्यावर टपकन काहीतरी पडलं. चिंच. वर पाहिलं, तर पाल्यातून दोन तळपाय लोंबत होते. उघडे, भेगाळलेले, हळूहळू हलणारे. माझ्या हातून घागर सुटली. किंकाळी फोडणार इतक्यात समोर मामाजी दिसले, म्हणजे माझे सासरे. खुर्चीवर पेपर घेऊन बसले होते. नव्या सुनेशी ते तोवर एक शब्दही बोलले नव्हते. ते उभे राहिले, ओठांवर बोट ठेवलं, आणि माझ्याकडे अशा डोळ्यांनी पाहिलं की माझी किंकाळी आतल्या आत जिरली.

थोड्या वेळानं आत्याबाई, म्हणजे सासूबाई, खाली उतरल्या. लुगड्याचा काष्टा सोडला, पदर झटकला, पदराच्या टोकाची गाठ सोडून त्यातून जोडवी काढली आणि पायाच्या बोटांत चढवली.

"भेली का वं?" मला म्हणाल्या.

मी मान हलवली.

"या घरात तुले कायची मनाई नाही. झोप, उठ, खा, जे वाटन ते कर. फक्त चिंचेखाली बोलायचं नाही. झाडावरच्याले हाक मारली का मान वळते, अन् मान वळली का पाय सुटते. इतकं पाळजो."

त्या सावरगावच्या. म्हणजे गोटमारीत आमच्या पलीकडच्या काठाच्या. मी पांढुर्ण्याची म्हटल्यावर आधी एवढ्या हसल्या! "अवं माय, म्हणजे आमच्या झाडाले दगडं मारणारी तूच का?" म्हणाल्या. लहानपणी गावाबाहेरच्या आमराईत आंबे उतरवायला घरची सगळी पोरं जात, त्यात या एकट्याच पोरगी. आंबा हलवून पाडायचा नाही, हातानं देठासकट काढायचा, नाही तर पिकायला माचात घातला की सडतो. तिथं शिकल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा सासरी परसात ही चिंच पाहिली, आणि म्हणे रडणं थांबलं.

झाडांची त्यांची प्रतवारी ठरलेली होती. शेवगा म्हणजे झाडच नाही, भाजी आहे. त्याच्यावर पाय ठेवणारा मूर्ख. जांभूळ लबाड, दिसायला जाड फांदी आणि काडकन मोडणार. बोर म्हणजे भांडकुदळ. निंब बरा माणूस. आणि चिंच? चिंचेचं नाव काढलं की आवाज बदलायचा. "लवते, पण टाकत नाही," म्हणायच्या.

चढायच्या आधी तळहाताला चुलीतली राख चोळायच्या. जोडवी काढायच्या, कारण सालीवर चांदी घसरते. जोडव्यांवरून मात्र गल्लीत फार बोलणं व्हायचं. नवरा धडधाकट असताना बाईनं जोडवी काढावी, आणि तीही आठवड्यातून दोनदा! शेजारच्या पोस्टमास्तरीणबाई एकदा तोंडावर बोलल्या. आत्याबाईंनी शांतपणे सांगितलं, "जोडवी घालून मी पडली तं आमचा मास्तर तुम्हीच सांभाळा." त्या बाई पुन्हा त्या विषयावर आल्या नाहीत.

वर जाताना त्यांचं तोंड चालू असे. पुटपुटायच्या, "तीन धरून, एक हलवून. तीन धरून, एक हलवून." दोन हात आणि दोन पाय, त्यातले तीन कायम पकडीत. मला वाटायचं ही बाई निर्भय आहे, तिला पडणं म्हणजे काय ते ठाऊकच नाही. एकदा विचारलं तर माझ्याकडे वेड्यासारखं पाहत राहिल्या.

"भेव वाटते ना! नाही कसं? भेव नसलं तं कोण चढन? पण तिथं गेलं का एकच भेव असते, पायाखालचं. इथं भुईवर पन्नास."

"पण वर करता काय इतका वेळ?"

"काही नाही. बसते. वरतं कोणी मले पाणी मागत नाही."

मला हे पटायचं नाही, पण समजायचं. समजायचं म्हणून जास्तच भीती वाटायची. दुष्ट सासू असती तर मी म्हटलं असतं, पड एकदाची. पण यांच्यासारखी बाई मला दुसरी मिळणार नव्हती. वर्षं गेली, माझी कूस काही उजवेना. गल्लीतल्या बाया कुंकू लावता लावता विचारायच्या, "अजून काही नाही का?" तेव्हा माझ्या आधी त्याच फणकारायच्या. "तिलेच का विचारता? मले झालं तं त्यानं काय दिवे लावले? शनिवारी येते, सोमवारी जाते." आमचे हे नागपूरला सरकारी कचेरीत होते. शनिवारी छोट्या रुळांच्या गाडीनं यायचे. त्यामुळे बाकीचे दिवस घरात आम्ही तिघंच, आणि ती चिंच.

मामाजींचं मला कळत नसे. शाळेत त्यांचा दरारा होता. घरात बोलताना आपल्यासारखंच बोलायचे, "जाऊन राह्यलो, करून राह्यलो"; पण वर्गात श्रुतलेखन सांगायला लागले की बोली गायब, एकेक शब्द पुस्तकातला, सावकाश, दोनदा. सौसरच्या सगळ्या पोरांच्या कानात तो आवाज बसलेला. बायको झाडावर चढली की मात्र त्यांना त्याच वेळी परसात पेपर वाचायचा असायचा. नागपूरचा पेपर, गाडीनं येणारा, सकाळीच वाचून झालेला. मी मनात म्हणायची, काय थंड माणूस आहे! बायको शेंड्यावर लटकली आहे आणि यांना बातम्या सुचतात.

स्वातंत्र्याच्या दिवशी माझं हे मत जरासं हललं.

त्या दिवशी शाळेत झेंडा. कोणाच्या डोक्यात आलं कोण जाणे, झेंडा सगळ्या गावाला दिसला पाहिजे, म्हणून शाळेजवळच्या पिंपळाच्या शेंड्यावर बांबू बांधून तो लावला. लावणारा तरुण बोरगावचा. सकाळी लाडू खाऊन, जयजयकार करून तो आपल्या गावी निघून गेला. दिवसभर पावसाची भुरभुर. संध्याकाळ व्हायला लागली तसे मामाजी अस्वस्थ झाले. सूर्यास्ताच्या आत झेंडा उतरला पाहिजे, असा नियम त्यांनी कुठंतरी वाचला होता.

लोक म्हणाले, "राहू द्या मास्तर. पहिलाच दिवस आहे. उद्या उतरवू."

"पहिलाच दिवस आहे म्हणूनच," मामाजी म्हणाले, आणि पिंपळाकडे पाहत राहिले. साल ओली, शेवाळलेली. पिंपळावर मुंजा असतो म्हणून अर्धे लोक तसेही हात जोडून लांब. उरलेले एकमेकांकडे पाहत होते. मामाजी पायातले जोडे काढायला वाकले. जन्मात कधी स्टुलावर उभा न राहिलेला माणूस!

आत्याबाई बायांच्या घोळक्यातून पुढे आल्या. जोडवी काढून माझ्या मुठीत दिली. काष्टा घट्ट केला. मग सगळ्या गर्दीकडे वळून ओठांवर बोट ठेवलं.

गर्दी गप्प झाली. लहान लेकरंसुद्धा. नुसता पानांवरून ठिबकणारा आवाज.

आणि मामाजींनी झाडाकडे पाठ केली. आमच्याकडे तोंड करून, हात मागे बांधून उभे राहिले, जसे वर्गात राहत. मला राग आला. वाटलं, लाज वाटते काय यांना? बायकोनं चारचौघांत झाड चढलेलं बघवत नाही?

त्या वर पोचल्या. झेंडा सोडून पदरात बांधला. उतरताना मधल्या फांदीवर त्यांचा पाय शेवाळावरून गेला. दोन्ही पाय हवेत. नुसत्या हातांवर लोंबल्या. आमच्या सगळ्यांच्या छातीत श्वास अडकला, पण तोंडातून आवाज कोणाच्याच फुटला नाही. माझी मूठ अशी आवळली की जोडवी तळहातात रुतली. तेव्हा माझी नजर मामाजींवर गेली. ते झाडाकडे बघत नव्हते. ते आमची तोंडं बघत होते. एका तोंडावरून दुसऱ्या तोंडावर, माझ्यावर, परत त्या लेकरांवर. त्यांना जे बघायची छाती नव्हती ते ते आमच्या चेहऱ्यांवर वाचत होते. असा चेहरा मी माझ्या आईचा पाहिला होता, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी.

आत्याबाईंचा पाय परत फांदीला लागला. लोकांचे श्वास सुटले, तसे मामाजींचे खांदे खाली आले.

घरी आल्यावर आत्याबाई न्हाणीत बसून ओकल्या. "भेव वाटलं वं," म्हणाल्या. मामाजी एवढंच बोलले, "पुढच्या वर्षी मैदानात खांब गाडू." त्यानंतर मी त्यांना थंड माणूस म्हटलं नाही.

हे सगळं एक वेळ सोसवलं असतं. पण पुढे काही वर्षांनी, ज्वारी पाखडता पाखडता, आत्याबाईंच्या हातातलं सूप निसटलं. त्यांनी दाराची चौकट धरली. डोळे मिटून उभ्या राहिल्या.

"काय झालं?"

"काही नाही. भुई फिरून राह्यली."

मी पाणी आणलं. प्याल्या. आणि लगेच माझा दंड धरला. "मास्तरले सांगशीन तं पाहाय."

मी सांगितलं. त्याच संध्याकाळी. या बाबतीत मला बिलकूल पश्चात्ताप नाही. असल्या शपथा पाळणाऱ्या सुना गोष्टीत असतात. मामाजी पाय धूत होते. ऐकून घेतलं, पाय पुसले आणि म्हणाले, "मले माहीत आहे सूनबाई. दिवाळीपासून आहे तिले ते."

"मग तुम्ही बोला ना त्यांना!"

"लग्न झाल्यापासून बोलूनच राह्यलो मी. तुले ऐकू नाही आलं, इतकंच."

पुढच्या बाजाराला ते पांढुर्ण्याला गेले आणि सणाच्या वाखाचा एक नवा, जाड, पिवळा दोर घेऊन आले. चिंचेच्या बुंध्याशी वेटोळं करून ठेवून दिला. आत्याबाईंनी तो पाहिला, उचलला, ताणून बघितला. म्हणाल्या, "चांगला आहे." आणि विहिरीच्या रहाटाला बांधून टाकला!

मला रडू कोसळलं. मी म्हटलं, "आत्याबाई, कमरेला बांधला तर तुमचं काय जातं? चक्कर आली तर निदान लोंबत राहाल."

त्या माझ्याजवळ बसल्या. रागावल्या नाहीत. "हे पाहाय पोरी. दोर बांधला का माणूस पाय दोराच्या भरवशावर टाकते. मी पाय झाडाच्या भरवशावर टाकते. आता या वयात नवा भरवसा कुठून आणू?"

"मग चढणं सोडा."

त्या माझी वेणी नीट करत बसल्या. चढल्याशिवाय राहवत नव्हतं, आणि चढलं तर आपण पडणार हेही त्यांना माहीत होतं. माझ्याइतकंच माहीत होतं.

त्या दिवसापासून त्या राखेला हात लावू लागल्या की माझं हे असं: तव्यावर भाकरी टाकायची आणि कान परसात. फांदी करकरली की धडधड, करकरली नाही की जास्त धडधड. देवाला सांगायची, आज नको, आजच्या दिवस नको. हे शनिवारी आले की त्यांना सांगायची, ते म्हणायचे, "आई ऐकन का कोणाचं?" आणि जेवायला बसायचे. पुरुषांचं बरं असतं.

मग राज्यं बदलायची हवा सुरू झाली. कोण म्हणे सौसर-पांढुर्णा नागपुराबरोबर मुंबईकडे जाणार, कोण म्हणे नाही, इकडेच राहणार. मामाजी रोज पेपर घेऊन चर्चा करायचे. शेवटी झालं ते झालं. नागपूर तिकडे गेलं आणि आम्ही इकडे, भोपाळच्या राज्यात राहिलो. ज्या गावाला आम्ही लुगडं घ्यायला, दात काढायला, नाटक बघायला जात होतो, ते सकाळी उठून बघतो तर परराज्यात! मामाजी दोन दिवस नीट जेवले नाहीत. मराठी शाळेचं पुढे काय, हा त्यांना घोर. ह्यांच्या कचेरीचं भोपाळला जायचं बोलणं सुरू झालं. घरात सुतक असल्यासारखं. एकट्या आत्याबाई म्हणाल्या, "चिंच कोणत्या राज्यात गेली? जिथं होती तिथंच ना?" पण त्याही मनातून हलल्या होत्या. पोरगा दूर जाणार होता. त्या आठवड्यात त्या जास्तच वेळा वर जाऊन बसत होत्या.

कार्तिकातली दुपार. हिरव्या चिंचांचा ठेचा करायचा म्हणून त्या वर गेल्या. मामाजी खुर्चीत, पेपर उघडा. मी आत भाकऱ्या थापत होते. भाकऱ्या झाल्या. भाजी झाली. ताटं घेतली. त्या आल्या नाहीत. मला वाटलं, बसल्या असतील. आमच्या घराची सवयच तशी: आत्याबाई वर आहेत ना, मग हाक मारायची नाही, वाट बघायची. पाहुणे आले तरी, दूध उतू गेलं तरी. एवढ्या वर्षांत आम्हाला गप्प राहणं इतकं अंगवळणी पडलं होतं की गप्प राहण्यात काही धोका असेल हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

मी परसात आले. मामाजींच्या खुर्चीवरची सावली सरकून गेली होती आणि ते भर उन्हात बसले होते. पेपर त्याच पानावर. मी वर पाहिलं. पाल्यात त्यांच्या लुगड्याचा हिरवा रंग दिसत होता, पण काही हलत नव्हतं. पाय हलत नव्हता. एक चिंच खाली पडली नव्हती. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्याही ते कधीच लक्षात आलं होतं. पण आम्ही दोघंही बोलू शकत नव्हतो. बोललं तर मान वळेल. नाही बोललं तर काय होईल? आम्ही दोघं तोंड मिटून उभे, आणि वर ती बाई तोंड मिटून बसलेली. ती का बोलत नव्हती? ताठा. दुसरं काय!

शेवटी वरून आवाज आला. बारीक, लेकरासारखा. "अवो… मले खालचं दिसत नाही. सारं फिरून राह्यलं."

लोकांना बोलवावं, शिडी आणावी, दोर सोडवावा, सगळं एकदम डोक्यात आलं आणि मी जागची हलले नाही. मामाजींनी मला हातानं खाली बसवलं. पेपरची घडी केली. चष्मा पुसला, लावला. झाडासमोर उभे राहिले, हात मागे बांधले आणि बोलले. ओरडले नाहीत. श्रुतलेखनाचा आवाज.

"डोळे मिटून घे. डोळे, मिटून, घे. मिटलेस?"

"हो."

"दोन्ही हातांनी खोड धर. खोड. फांदी नव्हे. आता डावा पाय खाली. आणखी खाली. तिथे जुन्या फांदीची गाठ आहे. सापडली?"

"नाही."

"आहे. मी पाहतो आहे. अंगठ्याच्या बाजूला."

"…सापडली."

"भार दे. आता उजवा हात. सावकाश. वीतभर खाली. तिथे खाच आहे. ती तुला आवडत नाही, मुंगळे असतात. आज मुंगळे नाहीत. धर."

असं चाललं. मी देवाचं नाव घेत नव्हते, तेवढीही शुद्ध नव्हती. एका जागी त्या थांबल्या, हुंदका दिला. म्हणाल्या, "नाही होत." मामाजींचा आवाज तसूभर बदलला नाही. "या ठिकाणी तू नेहमी उडी घेतेस. आज घ्यायची नाही. आज बसायचं. बस. पाय लोंबू दे. आता पोटावर वळ." आपली बायको कुठं उडी घेते, कुठं श्वास घ्यायला थांबते, कोणत्या खाचेत मुंगळे असतात, सगळं त्यांना पाठ होतं. आणि मी म्हणे, पेपर वाचतात!

शेवटचा पाय भुईला टेकला तरी त्यांनी डोळे उघडले नाहीत. खोडाला मिठी मारून तशाच उभ्या. मामाजी म्हणाले, "झालं," आणि वळून घरात गेले. त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. आतून तांब्या खाली पडल्याचा आवाज आला, मग पुन्हा एकदा.

त्यानंतर आत्याबाई चढल्या नाहीत. कोणी शपथ घातली नाही, त्यांनीही काही जाहीर केलं नाही. फक्त जोडवी पायातून निघेनाशी झाली. परसात बसायच्या, पण चिंचेकडे पाठ करून. चिडचिड करायच्या. भाजीत मीठ जास्त, विहिरीचं पाणी गढूळ, सगळ्यांवर राग. मी खूश व्हायला हवं होतं, जीव भांड्यात पडायला हवा होता. पण त्यांना असं भुईवर बघून मलाच गुदमरायचं. एकदा मनात आलं, जाऊ द्यावं का यांना परत वर? आणि माझी मलाच भीती वाटली.

पौषात ह्यांचा भोपाळचा हुकूम पक्का झाला. आणि त्याच महिन्यात, इतक्या वर्षांनी, मला दिवस गेले. आत्याबाईंनी बातमी ऐकली आणि अख्ख्या गल्लीत स्वतः गूळ वाटत फिरल्या. पोस्टमास्तरीणबाईंच्या हातावर जरा जास्तच ठेवला. पण भोपाळ म्हणजे माझं बाळंतपण परक्या मुलखात. त्या काळजीनं रात्रंदिवस मला काहीबाही बांधून देत बसायच्या. सुंठ, डिंक, जुन्या लुगड्यांची धुडकी.

निघायचा दिवस फाल्गुनातला. पांढुर्ण्याची मोटर धरायची, तिथून मोठी गाडी. सामान दारात गेलं होतं, हे मोटर बघायला अड्ड्यावर गेले होते. मी पाया पडायला परसात आले तर आत्याबाई आकडी लावलेला बांबू घेऊन चिंचेखाली. मला गाभुळलेल्या चिंचा द्यायच्या होत्या त्यांना. डोहाळ्यांच्या बाईला गाभुळलेली चिंच न देता पाठवायची, म्हणजे काय! खालच्या सगळ्या वानरांनी खाल्लेल्या. चांगल्या होत्या त्या वर, बांबू पुरेना. मी म्हटलं, राहू द्या, मला नको. त्यांनी बांबू टाकला. वर पाहिलं. मग खाली वाकल्या आणि पायाच्या बोटातलं जोडवं ओढायला लागल्या.

"थांब," मागून मामाजी म्हणाले.

त्यांनी कोट काढून माझ्या हातात दिला. धोतर खोचलं. राख नाही, काही नाही. झाडाला हात लावला आणि पुटपुटले, "डावा पाय गाठीवर." चढले.

या बाईला मी दहा वर्षं बघत होते. ओल्या पिंपळावर हातांनी लोंबताना बघितलं होतं. तिच्या चेहऱ्यावर असं काही मी कधी पाहिलं नव्हतं. रंग उडाला. ओठ पांढरे. मामाजी दोन फांद्या फुटतात त्या दुबेळक्यावर पोचले, तिथून पुढे सरकले, त्यांचं धोतर फांदीत अडकलं, त्यांनी ओढलं, फांदी हलली. आत्याबाईंनी चाचपडत माझा हात शोधला आणि धरला.

"अवं माय," कुजबुजल्या. "खालतून असं दिसते?"

मी काय सांगणार! हो म्हटलं.

"रोज असं दिसे? तुले? त्याईले?"

मी परत हो म्हटलं.

पुढे पावसाळ्यात, ताप आला आणि आत्याबाई आठवड्यात गेल्या. तार भोपाळला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. म्हणून माझ्याजवळ त्यांचं शेवटचं रूप हेच आहे. वर मामाजी एका हातानं खोड धरून दुसऱ्या हातानं चिंचा तोडतायत, त्या टपटप खाली पडतायत, आणि त्यातली एकही आत्याबाई उचलत नाहीत. त्या दिवशी मला बिलकूल भीती वाटली नाही. घाबरायचं माझं काम त्यांनी घेतलं होतं, सगळंच्या सगळं. त्यांनी माझं मनगट एवढं घट्ट आवळलं की माझी हिरवी बांगडी काडकन पिचली आणि काच आम्हा दोघींना लागली. त्यांना कळलंसुद्धा नाही. डोळे वर लावून उभ्या होत्या.